मणक्यातली गाठ सुईने जाते का?

गावात कोणाच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मणक्यात गाठ निघाली की फाईल माझ्याकडे येते, कारण रत्नागिरीत सीटीच्या मशीनवर यायच्या आधी मी मुंबईत स्कॅन बघत सुईने असे उपचार करणाऱ्या एका डिपार्टमेंटला होते. प्रश्न ठरलेला असतो, ताई, पाठ न कापता सुईने गाठ जाळतात म्हणे, मग आमचं का नाही करत? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

सगळ्यात आधी गाठ कसली आहे ते कळायला हवं. मणक्यातल्या कॅन्सरच्या बहुतेक गाठी मूळच्या तिथल्या नसतातच, स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, किडनी, थायरॉइड अशा कुठूनतरी पसरून आलेल्या असतात. शिवाय आपल्याकडे मणक्याला टीबी पण होतो आणि तो फोटोत कधीकधी अगदी कॅन्सरसारखा दिसतो. म्हणून पहिली सुई बायॉप्सीची, म्हणजे तपासायला गाठीचा छोटा तुकडा काढायची. पेशंटला पालथं झोपवतात, जागा बधिर करतात, पाठीवर सीटीत दिसणाऱ्या रेघांची पट्टी चिकटवून स्कॅन काढतात आणि त्यावर मोजतात, कातडीपासून किती सेंटीमीटर आत, किती तिरकं. मग सुई थोडी पुढे, परत स्कॅन, परत थोडी पुढे, असं करत मणक्याच्या मागच्या हाडाच्या अरुंद दांड्यातून आत जातात, कारण त्याच्या आतल्या बाजूला लगेच मज्जारज्जू आहे. डोळ्यांना काहीच दिसत नसतं, सगळा भरवसा त्या स्क्रीनवर.

जाळायची सुई पण याच वाटेने जाते. रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे एका प्रकारच्या विजेच्या प्रवाहाने, टोकाशी उष्णता तयार होते, नाहीतर क्रायोमध्ये, म्हणजे गाठ गोठवायच्या पद्धतीत, आर्गॉन गॅसने बर्फाचा गोळा करतात, तो सीटीवर काळसर दिसतो म्हणून कुठपर्यंत पोचला ते कळतं. मज्जारज्जूजवळ तापमान ४५ अंशांच्या आसपास गेलं तरी नसांना इजा होऊ शकते, त्यामुळे गरज पडली तर तिथे तापमान मोजणारी वेगळी तार ठेवतात. हाड पोकळ होऊन दबलं असेल तर सिमेंट भरतात, ते बाहेर गळत नाही ना हे सी-आर्म नावाच्या एक्सरे मशीनवर चालू एक्सरेत बघत बघत. १९८४ साली फ्रान्समधल्या आमियाँ शहरात गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी असं सिमेंट पहिल्यांदा भरलं.

आता गाठ जाते का? ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची छोटी साधी गाठ असते, बहुधा दीड सेंटीमीटरच्या आतली, जास्त करून तरुण मुलांत, रात्री प्रचंड दुखते आणि ॲस्पिरिनसारख्या गोळीने बरं वाटतं, ती सुईने खरोखर कायमची जाऊ शकते. पसरून आलेल्या कॅन्सरमध्ये मात्र सुई मुख्यतः दुखणं कमी करायला आणि हाडाला आधार द्यायला असते, केमो, रेडिएशन, गोळ्या जे काही चालू आहे ते चालूच राहतं. हे आधी स्पष्ट सांगायलाच हवं असं मला वाटतं, नाहीतर घरचे वेगळीच आशा धरून बसतात. पण जो माणूस दुखण्यामुळे कुशीवर वळू शकत नव्हता तो नीट झोपायला लागतो, हे मी पाहिलंय आणि हे छोटं नाही.

आणि पायातली ताकद जायला लागली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर मज्जारज्जू दाबला जात असू शकतो, तिथे सुईची वाट बघायची नाही, तातडीने ऑपरेशन किंवा रेडिएशन लागू शकतं. आपल्याकडे आंब्याच्या सीझनला पेट्या उचलल्यात म्हणून उसण भरली असेल असं म्हणून महिनोन्‌महिने पाठ चोळून घेतात. आधी कुठे कॅन्सर होऊन गेलाय आणि पाठ रात्री आडवं पडल्यावर जास्त दुखतेय, तर चोळू नका, एमआरआय काढा.

तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरून परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दाखवायला जाणार असाल तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, एमआरआय आणि सीटीच्या सीडी मागून घ्या, जुन्या असतील त्या पण. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका पण तिथे पहिल्यांदाच सांगा.