तीच जुनी बोट का ठेवली? तुम्ही विचारलंत म्हणून

‘बेळगावात समुद्र कुठाय, बोट कशाला?’ याचं उत्तर देणं मी कधीच सोडलंय. हिडकलचं धरण सप्टेंबरात काठोकाठ भरलेलं ज्यांनी बघितलंय ते हे विचारत नाहीत. मला छळतो तो दुसरा प्रश्न. लग्नाच्या पंगतीत, उद्यमबागेत चहा पिताना, परवा तर दवाखान्याच्या रांगेतही झाला. “एवढं होऊनही तीच जुनी बोट? नवी घ्यायची की हो.”

पैशाचं कारण सांगून मी बरेच दिवस वेळ मारून नेली. ते खोटं नाही. सोळा फुटी फायबरची बोट आणि चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन गोव्यातून चोर्ला घाटाने टेम्पोत घालून आणलं, ते जुनं होतं म्हणूनच परवडलं. पण दुरुस्तीवर जे गेलं ते धरलं तर पैशाचं कारण टिकत नाही, हे घरातल्यांनी मला हिशेबाची वही उघडून दाखवलंय. तेव्हा आता खरं ते सांगतो.

मी लोखंडाचा माणूस. वीस वर्षं हायड्रॉलिकचे सुटे भाग बनवतोय, त्यामुळे इंजिनाची मला भीती नव्हती. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर नवा घातला. गियरचं ऑइल दुधासारखं पांढरं निघालं, म्हणजे सील गेलं होतं आणि आत पाणी शिरत होतं, तेही बदललं. तेवढं काम चोख झालं होतं, आजही म्हणतो.

चुकलं ते मागच्या भिंतीत. ट्रान्सम म्हणतात तिला, जिच्यावर इंजिन टांगतात. बाहेरून दिसतं फायबर, पण आत प्लायवूड असतं. जुन्या मालकाने बोल्टची भोकं पाडून तशीच उघडी सोडली होती. तिथून वर्षानुवर्षं पाणी मुरलं की फायबर तसंच राहतं आणि आतलं लाकूड कुजतं. तपासायचं कसं, हे मला माहीत होतं. हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं. मी ठोकत होतो आणि माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, शेजारी डबा पालथा घालून बसली होती. बाजूंना टणक आवाज येत होता. इंजिनाच्या खालच्या बोल्टाजवळ ढप्प आला. तीच म्हणाली, “पप्पा, इथं वेगळं वाजतंय.”

मी म्हणालो, “रंग ओला असंल.”

रंग ओला नव्हता, चार दिवसांचा होता. दिवाळी आठवड्यावर आली होती, आणि दिवाळीला पाण्यात नेतो असं मी तिलाच कबूल केलं होतं. मी त्या जागेवर पुट्टी भरली, घासली आणि वरून आणखी एक हात रंग मारला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. बायको, मुलगी, मी. काठाकाठाने अर्धा तास छान गेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ जिथं वर येतं, ती बाजू मी त्यांना लांबून दाखवली. मग मोकळं पाणी दिसलं आणि मी थ्रॉटल पूर्ण ओढला.

सत्तर किलोच्या वरचं इंजिन भिंतीच्या माथ्यावर टांगलेलं असतं आणि त्याचा पंखा खाली पाण्यात रेटा देतो. तो रेटा भिंतीवर पहारीसारखा पडतो. बोटीचं तोंड वर उचललं, कड्कन आवाज झाला आणि इंजिन मागे कललं. बोल्टांनी कुजक्या लाकडातून वाट काढली होती. मनगटाला बांधलेली दोरी ओढली, इंजिन बंद पडलं. पण बोट थांबली की तिचीच मागची लाट येऊन चढते. ती त्या फटीतून आणि वरून, दोन्हीकडून आत आली. माझे पाय घोट्यापर्यंत बुडाले. “पुढं सरका, पुढं” एवढंच मी ओरडत होतो.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातली होती. पण मुलीचं मोठ्या मापाचं होतं. ती पुढं सरकताना पाण्यात बसली तसं ते वर चढलं आणि तिची हनुवटी, मग तोंड, त्या नारिंगी कापडात गेलं. फक्त डोळे दिसत होते. बायकोने दोन्ही हातांनी जॅकेट खाली ओढून धरलं आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मासे धरणारे दोघे आपल्या गोल, टोपलीसारख्या तेप्प्यातून आले. “सावकाश री, सावकाश” म्हणत त्यांनी आधी दोघींना घेतलं. माझी बोट अर्धी भरून तरंगत राहिली. काठावर टॉवेलात गुंडाळलेल्या मुलीने रडण्याआधी विचारलं, “तुमी ठोकून बघितला होता की पप्पा?”

ती बोट भंगारात घालायला मला सगळ्यांनी सांगितलं. मीही त्याच रात्री ठरवलं होतं. पण भंगारात घातली असती तर ‘जुनी बोट फसवी निघाली’ असं मी लोकांना सांगत फिरलो असतो, आणि काही वर्षांनी मलाही ते खरं वाटलं असतं. बोटीने फसवलं नव्हतं, तिने आवाज दिला होता. नवी घेतली असती तर तिच्या भिंतीत काय आहे ते मला कुणीतरी सांगितलं असतं. या भिंतीत काय आहे ते मी बघितलंय.

ग्राइंडरने आतलं फायबर कापलं तर लाकूड नव्हतंच. ओल्या चहापत्तीसारखा काळपट चोथा, पावसाळ्यात कुजलेल्या पेंढ्याचा वास. चमच्याने खरवडून काढला. बोटीच्या तळफळीखालचा फोमही पिळला की पाणी गळत होतं, तो सगळा टाकला. उघडी बोट फेब्रुवारीपर्यंत सुकवली, कारण ओल्या फायबरवर काहीच नीट धरत नाही. मग आयएस 710 चं मरीन प्लाय, 18 मिलिमीटरच्या दोन फळ्या, इपॉक्सीने एकमेकींना आणि बाहेरच्या फायबरला चिकटवून, वर फायबरच्या कापडाचे थर. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने बुजवली आणि त्या कडक इपॉक्सीतून पुन्हा लहान पाडली, म्हणजे पाणी आलं तरी लाकडाला भेटत नाही. हे दिवाळीआधी केलं असतं तर दिवाळी गेली असती, एवढंच.

मुलीच्या मापाचं जॅकेट आणलं, मांडीखालून पट्टा येणारं. त्याला मात्र एकच दिवस लागला.

तुम्ही म्हणाल, मग हा सगळा हट्ट प्रायश्चित्ताचा, त्यात घरच्यांना का ओढायचं? बायकोनेही हेच विचारलं होतं. मी तेव्हा चिडून म्हणालो, आता त्या भिंतीवर हत्ती बांधला तरी निघणार नाही. ती म्हणाली, “अहो, मला भिंतीची भीती नाही.” त्यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. नवी बोट आणली असती तरी ती हेच म्हणाली असती, असं मला वाटतं. ती म्हणते, तुम्हाला तसं वाटून घ्यायचंय.

मुलगी दोनदा बसली, काठाजवळ, अर्ध्या थ्रॉटलवर. बायको दोन्ही वेळा काठावर उभी होती, चप्पल हातात घेऊन, घोटाभर पाण्यात.