सतलज: खाबपासून हुसैनीवालापर्यंत

सतलज दोनदा सीमा ओलांडते. राक्षसतालच्या बाजूने निघून तिबेटातून ती शिपकी ला खिंडीजवळ हिमाचलच्या किन्नौरमध्ये शिरते आणि पंजाबातून पाकिस्तानात जाते. आम्ही ऑक्टोबरात दोन्ही टोकं पाहिली. जुलै-ऑगस्टमध्ये हा बेत आखूच नका, किन्नौरचा रस्ता दरडींनी कधी बंद होईल सांगता येत नाही.

सिमला, रामपूर, रिकाँग पिओ, पूह असं करत खाब येतं. उत्तरेकडून स्पिती नदी आणि पूर्वेकडून, तिबेटातून आलेली सतलज इथे भेटतात. दोन्ही बाजूंना उभे कातळ, गवताचं पातं नाही. पुढे स्पिती खोऱ्यातल्या काझाकडे जाणारे बहुतेक जण फोटो काढून पाच मिनिटांत निघतात. थांबा थोडं. हिमालय उंचावत असताना नदी त्याला कापत राहिली, हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य इथे डोळ्यांना दिसतं. मुक्कामाला नाको बरं, पण ते साडेतीन हजार मीटरच्या वर आहे; आदली रात्र पिओ किंवा कल्प्यात काढा. टाकी पिओजवळच भरा, पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. या रस्त्यावर भारतीयांना परवाना लागत नाही. शिपकी लाला जायचं असेल तर मात्र ताजे नियम पिओतच विचारा.

परतताना नाथपा ते झाकडी नदीचं पात्र निरखून पाहा. वीजनिर्मितीसाठी पाणी २७ किलोमीटरच्या बोगद्यातून जातं, म्हणून इतकी मोठी नदी मध्येच ओढ्यासारखी होते. भाक्रा धरण (२२६ मीटर) पाहायचं तर मूळ ओळखपत्र हवं, पास नंगलला मिळतो.

पंजाबात हरिकेला बियास नदी मिळते आणि तिथेच कालवे पाणी उचलतात; त्यातलं बरंचसं राजस्थानला जातं. १९६० च्या सिंधू करारात सतलज भारताच्या वाट्याला आली. पुढे नदी सीमेच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे वाहते. खाबला जिचा आवाज कानात बसला होता, ती इथे ओळखू येत नाही.

फिरोजपूरहून जवळच, सीमेवर हुसैनीवाला. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांची समाधी सतलजकाठी आहे. फाळणीनंतर ही जागा पाकिस्तानात होती. १९६१ मध्ये १२ गावं देऊन भारताने ती घेतली. संध्याकाळचा ध्वज उतरवण्याचा सोहळा वाघ्यापेक्षा छोटा आणि मला तरी जास्त आवडलेला. तो चालू आहे का, वेळ काय, हे फिरोजपुरात विचारूनच निघा. परतीला फिरोजपूर छावणीहून पंजाब मेल थेट मुंबईला येते, फक्त तिकीट आधी काढा.