प्रभूने माफ केलं, सिस्टरबाईंचं काय?

प्रश्न नेहमी हसत हसत येतो. ऑफिसात डबे उघडले की, लग्नाच्या पंगतीत, आणि परवा तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मेंटेनन्स थकवणाऱ्यांचा विषय चालू असताना. "तुमच्यात बरं असतं हो. आठवडाभर काय करायचं ते करा, रविवारी चर्चमध्ये जाऊन सांगितलं की पाटी कोरी." मग जरा गंभीर होऊन, "पण खरंच, सगळं देवाच्या कृपेनेच होणार असेल, तर माणसाने चांगलं वागायचं कशाला?"

आजवर मी याची उत्तरं तोंडातला घास सांभाळत दिली. आता एकदा लिहूनच ठेवते.

आधी किरकोळ गोष्टी. ती जाळीची खिडकी, पलीकडे बसलेला फादर, गुडघे टेकलेला हिरो, हे तुम्ही हिंदी सिनेमात बघितलंय. ते कॅथलिकांचं. आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. आमच्यात पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, कानात पापं सांगायची पद्धत नाही. आणि कॅथलिकांच्यातही नुसतं सांगून भागत नाही. चोरी केली असेल तर चोरलेलं परत करायची तयारी लागते. मनात पश्चात्तापच नसेल तर फादरने उच्चारलेल्या क्षमेला अर्थ उरत नाही. हे मला वसईच्या एका मैत्रिणीने चांगलं फैलावर घेऊन सांगितलंय.

दुसरं म्हणजे, हा प्रश्न तुम्हालाच पहिल्यांदा सुचला असं समजू नका. इसवी सन 57 च्या सुमारास प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, पत्र लिहिलं, त्यात हाच प्रश्न आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहायचं का? त्याचं उत्तर, कधीच नाही. तोच पौल इफिसकरांना सांगतो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारायला नको. आणि बायबलातल्याच दुसऱ्या एका पत्रात याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास मेलेला. सगळं एकाच बायबलात. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरला हे इतकं खुपलं की 1522 मध्ये त्याने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं. कृपा, विश्वास आणि कर्मं यांवर लूथरन आणि कॅथलिक यांनी एका कागदावर सह्या केल्या त्या 31 ऑक्टोबर 1999 ला, ऑग्सबर्गमध्ये. भांडणाला तेव्हा पाचशे वर्षं होत आली होती. तुम्हाला मात्र पोळी संपायच्या आत उत्तर हवं असतं.

चर्चच्या तरुण संघात असताना माझ्याकडे उत्तर तयार होतं. नाताळच्या आठवड्यात वक्तृत्व स्पर्धा असायची, 'कृपा पुरे आहे' या विषयावर माझा पहिला नंबर आला होता. मी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं होतं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, पण पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली. आधी लायक व्हायचं आणि मग देवापुढे जायचं असं नाही, आहोत तसंच जायचं, हे कळल्यावर बाई काय हातावर हात ठेवून बसल्या? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली सोडवून आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आयुष्याच्या शेवटापर्यंत बायबलच्या भाषांतरावर बसून होत्या. तेव्हा कृपेने माणूस आळशी होतो हे साफ खोटं. टाळ्या.

त्या भाषणातलं एकही वाक्य मला आज मागे घ्यायचं नाही. फक्त त्या दोन वेण्यांच्या मुलीला विचारावंसं वाटतं, रमाबाईंचं सोपं आहे गं. कृपा मिळाली म्हणून जो स्वस्थ बसला, त्याचं काय करायचं ते सांग.

असा एक माणूस आमच्याच मंडळीत होता.

आई मिशनच्या हॉस्पिटलात नर्स. गावात ती सिस्टरबाई. पेन्शन नव्हती. निवृत्त झाली तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून एक लाख साठ हजार हातात आले. वडील आधीच गेलेले. मंडळीच्या पंचांपैकी एक गृहस्थ होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी प्लॉटची स्कीम काढली. आपल्या लोकांची कॉलनी, मधोमध प्रार्थनेला हॉल, वगैरे. आईने सगळेच्या सगळे पैसे दिले. पावती वहीच्या फाडलेल्या पानावर. प्लॉट कुणालाच दिसला नाही. आणखी काही घरांचे गेले, पण त्यांचे थोडे होते. पैसे कुठे गेले हे गावाला माहीत होतं: काकांच्या मुलीचं लग्न थाटात झालं. त्या लग्नात आम्हीही जेवलो होतो.

मग एका वर्षी बाहेरून प्रचारक आले, मैदानात मांडव घालून संजीवन सभा झाल्या. त्यानंतरच्या रविवारी उपासनेत काका साक्ष द्यायला उभे राहिले. "मी पापी माणूस. लोकांच्या पैशाला हात लावला. पण प्रभूने माझं सगळं पाप धुऊन टाकलं. आज मी मोकळा आहे." रडत होते. खोटं रडत नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. मी समोरून बघत होते. मंडळी 'हालेलूया' म्हणाली. पाळकसाहेबांनी डोळे पुसले.

आमच्याकडे बायका डावीकडे बसतात. आई दुसऱ्या रांगेतून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वॉर्डात औषधाची वेळ विचारावी तशा आवाजात म्हणाली, "भाऊ, प्रभूने माफ केलं, फार चांगलं झालं. माझ्या पैशांचं काय?"

कुणीतरी "बसा बाई, बसा" म्हणालं. मी तिच्या साडीचा काठ धरून खाली ओढत होते. ती म्हणाली, "जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट दिले. मी चौपट मागत नाही. मुद्दल द्या." तेवढ्यात पेटीवाल्याने सूर धरला, तबलजी ठेका चुकला, आणि सगळी मंडळी एरवी कधी गात नाही इतक्या जोरात गायला लागली.

इथपर्यंत मी हे लोकांना विनोद म्हणून सांगते. पुढचं सहसा सांगत नाही. तो महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. ट्रे फिरवायचं काम पंचांचं. काचेचे अंगठ्याएवढे प्याले, त्यात द्राक्षरस, ट्रे हलला की किणकिणतात. बायकांच्या बाजूला ट्रे घेऊन आले ते काकाच. डोळे लाल, चेहरा हलका झालेला. त्यांनी ट्रे आईपुढे धरला. किणकिण स्पष्ट ऐकू येत होती, कारण त्यांचा हात थरथरत होता. आईने प्याल्यांकडे बघितलं, मान हलवली आणि ट्रे माझ्याकडे सरकवला. मी प्याला घेतला. तिने घेतला नाही.

घरी आल्यावर मी खूप बोलले. ती भाकरी थापत म्हणाली, "माझ्या मनात त्याच्याबद्दल काय चाललं होतं ते मला माहीत होतं. ते मनात ठेवून कसं घ्यायचं?"

म्हणजे ज्याने लुबाडलं तो वाढत होता, आणि जिचं गेलं ती स्वतःला अपात्र समजून उपाशी उठली. मला आजही कुणी 'कृपा' म्हटलं की आधी तो ट्रे आठवतो. तुम्ही पाटी कोरी होण्याबद्दल विचारता तेव्हा तुम्हाला वाटतं, मी माझ्या पाटीबद्दल बोलेन. माझ्या पापांची क्षमा मला कधीच अवघड गेली नाही. कुणालाच जात नाही. काकांची क्षमा झाली, तिथे माझं गाडं अडलं.

पंचांनी आईला बोलावलं, उपासनेत व्यत्यय आणला म्हणून. ती बायबलात कागदाचे कपटे घालून गेली. लेवीय सहावा अध्याय, गणना पाचवा: ज्याचं घेतलं त्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. मत्तय पाचवा: वेदीपुढे अर्पण तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. एक पंच म्हणाले, "सिस्टरबाई, ते लेवीय वगैरे जुन्या करारातलं. आपण आता नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत." मी बाहेर व्हरांड्यात होते. माझ्या भाषणातलं वाक्य होतं ते, जसंच्या तसं. तुम्ही डब्याच्या वेळी टोमणा म्हणून जे मारता, तेच ते लोक ढाल म्हणून वापरत होते.

खूप नंतर मला बोनहोफर वाचायला मिळाला. हा जर्मन पाळक 1937 मध्ये 'स्वस्त कृपा' म्हणजे काय ते लिहून गेला होता: पश्चात्तापावाचून क्षमेचा उपदेश, शिष्यत्वावाचून कृपा. नाझींनी त्याला 9 एप्रिल 1945 ला फाशी दिलं. मला इतकं बरं वाटलं की मी ते जो भेटेल त्याला ऐकवत सुटले. काकांचं सगळं प्रकरण एका शब्दात बसत होतं.

पण बसत नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने काय परत केलं? त्याला तर येशूने 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं सरळ सांगून टाकलं. तुम्ही म्हणाल, त्याला वेळ कुठे होता, काकांना होता. मान्य. मग किती हप्ते भरल्यावर कृपा लागू होते? निम्मे? मुद्दल? हप्ता ठरवला की ती कृपा उरत नाही, आणि मी येशूच्या दृष्टांतातल्या द्राक्षमळ्यातली ती सकाळपासून राबलेली मजूर होते, संध्याकाळी आलेल्यालाही तेवढीच मजुरी मिळाली म्हणून कुरकुरणारी. मालक तिथे विचारतो ना, माझं मी कसंही देईन, तुझ्या पोटात का दुखतं? अहो, पण मालका, हे तुझं कुठे होतं? आईचं होतं.

जक्कयाची, बायबलातल्या त्या जकातदाराची, गोष्ट तर मी दोन्ही बाजूंनी वाचून थकले. येशू आधी त्याच्या घरी जेवायला जातो, हिशोब न मागता. इथे कृपा पहिली. पण 'आज या घराला तारण झालं आहे' हे तो म्हणतो कधी, तर जक्कय उभा राहून चौपटीचं बोलल्यावर. आमचे पाळक पहिली ओळ वाचून दाखवतात, आई दुसरी.

नंतर मी पुण्याला आले आणि त्या मंडळीशी संबंध ठेवला नाही. आई तिथेच. काकांची शुगर वाढली, अंगठा काढावा लागला, जखम भरेना. काकूंनी आईला निरोप धाडला. ती जायला लागली, रोज सकाळी, स्वतःचा ड्रेसिंगचा डबा घेऊन. सुट्टीत गेले असताना एकदा मीही गेले. जुनी पट्टी तिने सलाइनने भिजवून हळूहळू सोडवली. खाली पिवळट ओलं, वास असा की काकू उठून बाहेर गेल्या. आई वाकून, चष्मा नाकावर, चिमट्यात गॉज धरून कडेकडेने पुसत होती, बेटाडीन, नवं गॉज, पट्टी. वीसेक मिनिटं. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, टॉवेलला पुसले आणि म्हणाली, "पैशांचं काय केलंत, भाऊ?"

कळलं की हे रोजचंच होतं.

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "सिस्टरबाई, प्रभूने मला केव्हाच माफ केलंय."

"त्याचे कुठे घेतले होते तुम्ही?"

स्तोत्र 51 आम्ही पापकबुलीला म्हणतो: तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. दावीद राजाने हे म्हटलं तेव्हा उरीया, ज्याची बायको घेऊन त्याने त्याला मारवलं तो, मरून पडला होता. त्या खोलीत बसल्यापासून मला ती ओळ मोठ्याने म्हणता येत नाही. ओठ हलवते.

तर, चांगलं वागायचं कशाला? हा प्रश्न आईला विचारलात तर तिला तो कळणारच नाही. त्या पायाला ती स्वर्ग मिळवायला हात लावत नव्हती. तो ख्रिस्ताने आधीच देऊन टाकलाय अशी तिची खात्री, त्यामुळे तिला तिथे काही कमवायचं नव्हतं. पाय सडत होता म्हणून ती जात होती आणि पैसे तिचे होते म्हणून मागत होती. मला मात्र यांतलं एक तरी सोडायला हवं होतं: पैसे मागायचे तर पट्टी करू नकोस, पट्टी करायची तर पैसे सोड. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तुला ड्रेसिंग येत नाही, तू गप्प बस."

पुढे कधीतरी तिने प्रभुभोजन घ्यायला पुन्हा सुरुवात केली. का, कधी, ते तिने सांगितलं नाही.

काका गेले. पैसे आले नव्हते. मातीला मी आईला सोबत म्हणून गेले. पाळकसाहेब म्हणाले, आपला भाऊ कृपेने तारलेला, प्रभूजवळ विसाव्याला गेला. मी गप्प राहिले. मला अजूनही ठरवता येत नाही, आणि ठरवणं माझं काम नाही असं सांगणाऱ्यांचा रागही येतो. आईने आमेन म्हटलं, पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं इतक्या मोठ्याने.

परतताना रिक्षात तिने पर्समधून ते वहीचं पान काढलं. "मुलाकडून कायद्याने घेता येतात का, कुणा वकिलाला विचार."

विचारलं. दावा लावायची मुदत तीन वर्षांची असते, ती केव्हाच उलटून गेली होती. फोनवर तिला तसं सांगितलं.

"ती कोर्टाची गं," ती म्हणाली.