उचल

जॉइनिंग बोनस म्हणजे काय, ते मी बाबांना पडवीत पेंढ्यावर बसून समजावत होतो. नवी कंपनी रुजू होतानाच सहा लाख देणार, पण दीड वर्षाच्या आत सोडलं तर सगळे परत. बाबांनी हातातला आंबा उलटसुलट बघितला, पाच डझनीच्या पेटीत ठेवला.

"मगे ती उचलच," म्हणाले.

देवगडात उचल कोणाला समजवावी लागत नाही. खत, फवारणी, राखणदाराचा पगार, सगळा खर्च आधी. आंबा हातात येणार मार्च-एप्रिलात. मधल्या महिन्यांना वाशीचा दलाल पैसे पुरवतो आणि मग माल त्याच्याकडेच जातो. भाडं, हमाली कापून तो पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, पाठवेल ती घ्यायची. माझ्या बारावीच्या वर्षी थ्रिप्स किडीने मोहोर करपवला. सगळ्या पट्ट्या जोडल्या तरी उचल फिटली नाही, म्हणून पुढल्या वर्षीचा आंबाही त्याच दारात.

२०२१ पासून बाबा उचल घेत नाहीत. त्याचं कारण माझ्या विक्रीच्या नोकरीतलं इन्सेंटिव्ह, आणि हे मी जरा मिरवतोच. त्या वर्षी टार्गेटच्या वर गेलो होतो. आमच्याकडे १०० टक्क्यांच्या पुढच्या प्रत्येक रुपयावर दीडपट दर लागतो. वरच्या स्लॅबचा ३० टक्के कर आणि त्यावरचा सेस कापूनही खात्यात आलेला आकडा मी दोनदा मोजला. जुनं देणं फिटलं. आता बाबा निम्मा माल वाशीला धाडतात, निम्मा ठाण्या-पुण्याच्या सोसायट्यांत थेट.

तेव्हा या नोकरीला शिव्या घालायचा हक्क मला थोडा कमीच. कारखान्यांना सॉफ्टवेअर विकतो. पॅकेज २८ लाख, त्यातले ६० टक्के फिक्स, ४० टक्के व्हेरिएबल, म्हणजे टार्गेटवर अवलंबून. टार्गेट ७० टक्क्यांखाली राहिलं तर व्हेरिएबल शून्य. आणि खरं सांगू? विकायला मला आवडतं. सहा महिने 'बघू' म्हणणारा परचेस मॅनेजर एका दुपारी स्वतःहून फोन करतो, त्या फोनची सर कशालाच नाही.

पण सोमवारी साडेनऊचा फोरकास्ट कॉल असतो, किती विक्री होणार ते सांगायचा. "कमिट किती?" म्हणजे नक्की किती, एवढाच प्रश्न. रविवारी संध्याकाळपासून माझं पोट बिघडतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या लॅपटॉपच्या बॅगेतच असतात. मार्चएंड आणि हापूस एकाच वेळी येतात, त्यामुळे नऊ वर्षांत मी तोडणीला कधी घरी नव्हतो. गेल्या वर्षी ९० लाखांची एक ऑर्डर ३१ मार्चला यायची ती २ एप्रिलला आली. ग्राहकाचा सही करणारा माणूस लग्नाला गेला होता. वर्ष ६६ टक्क्यांवर बंद झालं. माझे चार टक्के त्या मांडवात जेवत होते.

यंदा टार्गेट भरलं आणि ३ एप्रिलला कोकणकन्या पकडून कणकवलीला उतरलो. बाबा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे काढतात, मी देठ सांभाळत क्रेटात ठेवतो. डाग पडला तर ओरडा खातो. मॅनेजरपेक्षा कडक माणूस. मधेच विचारतात, "ह्या सहा लाखांचा तू काय करतलस?" ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आईचा गुडघा करायचा आहे. त्यांना हे माहीत आहे. तरी विचारतात.

काल संध्याकाळी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर गेलो, तिथेच नेटवर्क येतं. एचआरला मेल टाकला: जॉइनिंग बोनस नको, त्यातले निम्मे फिक्समध्ये वाढवा, प्रमाण ७०:३० करा. बायको फोनवर म्हणाली, "हातातले सहा लाख सोडतोयस, डोकं ठिकाणावर आहे ना?" नीटसं उत्तर देता आलं नाही.

मेलचं उत्तर अजून नाही. पेंढा संपलाय, तो आणायला निघालोय. वाटेत सडा लागतोच.