बारा अक्षरांसाठी अडलेली होडी

अमेरिकेत जुनी शिडाची होडी घेणार असाल तर शीड-बीड नंतर बघा, आधी होडीची पाठ, म्हणजे मागची सपाट बाजू, बघा. पाठीवर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात अक्षरं आणि आकडे मिळून बारा जागांचा नंबर असतो. तो नसला की नोंदणीच्या खिडकीवर काय होतं, ते मी भोगलंय.

माझी होडी 1971 सालची डे सेलर. फायबरग्लासची, पावणेसतरा फुटी. अफ्फा फॉक्स आणि जॉर्ज ओ'डे या जोडीची ही रचना. शर्यतीला दोघं पुरे, रविवारी घरचे चौघं आरामात मावतो. विकणारे आजोबा सरळ होते, सौदा लगेच झाला.

मग कार्यालय. बाईंनी नंबर विचारला. माझ्याकडे होता कारखान्याच्या पट्टीवरचा छोटा क्रमांक. "कॉम्प्युटर बारापेक्षा कमी घेत नाही." मी सांगितलं, हा नंबर सक्तीचा झाला 1 नोव्हेंबर 1972 पासून, माझी होडी त्याआधीची आहे, तिला तो असणारच नाही. उत्तर काय, तर "विकणाऱ्याकडून आणा." त्या आजोबांनी तो आणायचा कुठून? पुढच्या खेपेला दुसरी खिडकी. तिथे पट्टीवर कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला ठसा मागितला. दिला. तोही परत आला. मे गेला, जून गेला, तळ्यावर शर्यती सुरू झाल्या आणि माझी होडी अंगणात ताडपत्रीखाली. फार संताप व्हायचा.

शेवटी एका भल्या कर्मचाऱ्याने सांगितलं की नंबर नसलेल्या होडीला राज्यच नंबर देतं, घरी बांधलेल्या होड्यांचाच अर्ज भरायचा. म्हणजे वाट पहिल्या दिवसापासून होती! तपासनीस आला, होडी पाहिली, नंबर मिळाला. तुम्ही गेल्या गेल्या हाच अर्ज मागा, आणि समोरचा "नाही" म्हणाला तर वरिष्ठांना बोलवा.

ट्रेलरची कागदपत्रं वेगळी असतात, त्याची विक्रीपावतीही वेगळी लिहून घ्या. पैसे देण्याआधी डेकवर बोटांनी ठोकत फिरा. बद्द आवाज आला तर आत पाणी मुरलेलं असू शकतं. होडीत थोडं पाणी ओतून सेंटरबोर्डच्या (होडीच्या मधून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) खाचेतून खाली ठिबकतंय का पाहा. डोलकाठीच्या तारांचे पीळ तुटलेले असतील तर तारा बदलाच. आणि ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी करण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे दर वेळी बघा.