सूज आपली, पोट भरतंय बॅक्टेरियाचं

सूज आली म्हणजे शरीर लढतंय असं आपण सगळेच धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात, जंतू गिळतात, काम झालं की मरतात, मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना साफ करतात, सूज उतरते. पण काही बॅक्टेरियांना ती उतरायलाच नको असते! सध्या मी हेच वाचतोय आणि डोक्यातून जात नाहीये.

पायोरियातला, म्हणजे हिरड्यांच्या आजारातला, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा बॅक्टेरिया घ्या. याला साखर नको, प्रोटीनचे तुकडे हवेत आणि रक्तातलं लोह हवं, आणि ते भरपूर मिळतं सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीत. म्हणजे सूज गेली तर हा उपाशी, आणि न्यूट्रोफिलने गिळलं तर मेला. मग तो न्यूट्रोफिलचे दोन रिसेप्टर, म्हणजे सिग्नल पकडणारी प्रोटीनं, एकदमच चालू करतो. एक टीएलआर२, जो बॅक्टेरिया ओळखतो. दुसरा सी५एचा, म्हणजे सूज वाढवणाऱ्या प्रोटीनच्या एका तुकड्याचा, आणि हा सी५ए तो स्वतःच तयार करतो, जिंजिपेन नावाच्या एन्झाइमने आपलंच सी५ प्रोटीन कापून. दोन्ही सिग्नल एकत्र आले की पेशीतलं मायडी८८ नावाचं सिग्नल पुढे नेणारं प्रोटीन मोडीत निघतं, म्हणजे जंतू मारायचा रस्ता बंद, आणि पीआय३के नावाच्या एन्झाइमचा दुसरा रस्ता सुरू होतो, त्यात गिळणं थांबतं पण सूज वाढवणारे सायटोकाइन, म्हणजे पेशींचे निरोप, सुटतच राहतात. आजूबाजूचे बाकीचे बॅक्टेरियाही यात वाचतात.

आणि हा संख्येने अगदी थोडा असतो बरं का. २०११ च्या एका अभ्यासात, ज्या उंदरांच्या अंगात दुसरे कुठलेच जंतू नव्हते त्यांच्यात एकट्या याने दाताभोवतीचं हाड झिजवलं नाही, नेहमीचे जंतू सोबत असले तरच झिजलं. म्हणजे नुकसान करते ती बिघडलेली सगळी वस्ती, हा फक्त ती बिघडवतो.

पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला बॅक्टेरियाचंही तसंच, आतड्यातल्या सुजेत टेट्राथायोनेट नावाचं गंधकाचं संयुग तयार होतं, ते ऑक्सिजनऐवजी वापरून तो श्वसन करतो आणि तिथल्या नेहमीच्या जंतूंना मागे टाकतो.

म्हणून मला वाटतं नुसतं जंतू मारा, जंतू मारा करून भागणार नाही, त्यांनी पकडलेला सिग्नलच तोडायला हवा. तसे प्रयत्न चालू आहेत, कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातल्या बचावाच्या प्रोटीनांची साखळी, वरचं सी५ही त्यातलंच, तिच्यातलं सी३ अडवणारं एएमवाय-१०१ नावाचं औषध थेट हिरडीत टोचून पाहिलं, त्या पेशंटांच्या हिरड्यांची सूज कमी झाली, २०२१ मध्ये ते छापूनही आलं.