कमी टाका म्हणणारे खाद्यवाले

आमचं शेततळं मुळात डाळिंबासाठी. २०१५ साली काढलं, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरला, आणि तळं भरल्यावर दादा म्हणाला, "एवढं पाणी नुसतं बघत बसायचं का?" म्हणून रोहू, कटला, मृगळ माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. आम्ही इंदापूर तालुक्यातले, भिगवणचा मासळी बाजार जवळ. विकायची काळजी नव्हती.

खाद्य आंध्र पद्धतीचं. भाताचा कोंडा आणि शेंगपेंड भोकं पाडलेल्या पिशवीत भरायची, पिशवी बांबूला बांधून पाण्यात सोडायची. वर्षाने जाळं ओढलं तर मासे डोक्याने मोठे, अंगाने वाळके. मृगळ तर बघवेना. कारण कळायला आणखी एक वर्ष गेलं. तिकडच्या तळ्यांना मातीचा तळ असतो. शेणखत पडलं की प्लवंग, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, वाढतं, गाळात किडे-अळ्या असतात, आणि कोंडा-पेंड त्याला जोड म्हणून. आमच्या कागदावर गाळच नाही. मृगळ तळाशी चरणारा, त्याने काय कागद चाटायचा? अशा तळ्यात प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वं, सगळं पोत्यातूनच द्यावं लागतं.

तिथूनच गोळी खाद्याचं छोटं मशीन घ्यायचं ठरलं. आधी आपल्या तळ्यापुरतं, मग शेजारचे न्यायला लागले.

पहिला फटका आमच्याच चुकीचा. पावसाळ्यात आलेल्या शेंगपेंडीची काही पोती आतून हिरवट निघाली. उन्हात वाळवून वापरली. बुरशी उन्हाने मरते, तिने सोडलेलं विष तसंच राहतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. एका गिऱ्हाइकाचे मासे खाणं सोडून बसले. कापून पाहिलं तर यकृत पिवळट पडलेलं. पैसे परत केले. तेव्हापासून पोतं फोडून हात घालून, वास घेऊनच माल उतरवतो. वासाला आईचं नाक आमच्यापेक्षा तिखट आहे, शंका आली की तिलाच हाक.

२०२१ मध्ये सोयापेंड इतकी भडकली की केंद्राने १२ लाख टन आयातीला परवानगी दिली. आमच्यासारख्या बारक्यांना तो दिलासा उशिराच लागला. मधल्या काळात पेंड कमी करून कोंडा वाढवला. गोळी स्वस्त झाली, मासा मात्र वाढेना. दोन महिन्यांत निम्मी गिऱ्हाइकं गेली, आणि बरोबरच गेली.

आता तरंगती गोळी बाहेरून आणून विकतो. आमच्या मशीनला ती जमत नाही; त्याला जास्त दाब आणि उष्णता देणारं वेगळं यंत्र लागतं. चिलापी (तिलापिया) आणि पंगस मासे पाळणाऱ्यांना तीच परवडते, कारण काय उरलं ते पाण्यावर दिसतं. बुडालेली गोळी खाल्ली की कुजली, सांगणार कोण?

रोहू-कटल्याला जठर नसतं. एकदम ओतलेलं वाया जातं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं टाका, हे प्रत्येकाला सांगतो. दादा वैतागतो, "असाच धंदा करणार का?"

गेल्या श्रावणात, ढगाळ पहाटे फोन आला. "भाऊ, मासे वर तोंड काढून आ करतायत, भुकेले दिसतायत. दोन पोती पाठवा."

म्हटलं, "भूक नाही ती, पाण्यात प्राणवायू कमी पडलाय. पोतं आज उघडूच नका. आधी एरेटर लावा."